२०१५ चा स्वाइन फ्लू: विषाणू बदलला होता की आपली मोजणी?

फेब्रुवारी २०१५ ची गोष्ट आहे. मी तेव्हा विदर्भातल्या एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजीत ज्युनिअर होते आणि आमच्याकडे फ्लूचं पीसीआर नव्हतं. म्हणजे नाकाचा नि घशाचा स्वॅब घ्यायचा, गुलाबी व्हीटीएमच्या (विषाणू टिकवणाऱ्या द्रावणाच्या) ट्यूबमधे टाकायचा, काडी मोडायची, झाकण घट्ट लावायचं, आईस पॅकच्या डब्यात भरून मोठ्या लॅबला पाठवायचा आणि मग बसायचं वाट बघत, कधी दोन दिवस कधी चार, आणि तेवढ्यात आयसीयूतला पेशंट कधी कधी राहायचाच नाही. एका पेशंटचा भाऊ रोज येऊन दारात उभा राहायचा. त्यानं एकदा विचारलं, मॅडम, हा तोच २००९ वाला आहे का? तो तर संपला होता ना? मग आता इतकी माणसं कशी मरायला लागली, काही नवीन आलंय का?

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा कुणालाच चटकन देता येत नव्हतं, आणि ते का देता येत नव्हतं हेच मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी थोडं मागं जाऊ. २००९ च्या मे मधे भारतात पहिला पेशंट हैदराबादला सापडला, ११ जूनला डब्ल्यूएचओनं पॅन्डेमिक जाहीर केलं, आणि ३ ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला, शाळेत जाणारी १४ वर्षांची मुलगी होती. त्यानंतरचं पुणे ज्यांनी बघितलंय त्यांना नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल, बंद शाळा, बंद मल्टिप्लेक्स, दहीहंडीवर पडलेलं सावट हे सगळं आठवत असेल. एक गोष्ट मात्र पुण्याच्या बाजूनं होती, एनआयव्ही तिथंच आहे. १९५२ साली आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि रॉकफेलर फाउंडेशननं मिळून व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू केलेली संस्था, १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. सुरुवातीला देशभरातले सॅम्पल मुख्यतः तिथं आणि दिल्लीच्या एनआयसीडीत (केंद्राच्या साथरोग संस्थेत) जायचे, मग हळूहळू लॅब वाढल्या.

त्या ऑगस्टात ज्याला त्याला टेस्ट हवी होती आणि ते साहजिकही होतं, पण लॅबवर इतका लोड आला की ज्याला खरोखर गरज आहे त्याचाच रिपोर्ट मागं पडायला लागला. म्हणून त्याच वर्षी ए, बी, सी अशा कॅटेगरी ठरवल्या. साधा ताप-खोकला म्हणजे ए, घरी आराम करा, टेस्ट नाही. जास्त ताप, किंवा डायबेटिस, दमा, गरोदरपण असं काही असेल तर बी, गरजेप्रमाणे टॅमीफ्लू हे फ्लूवरचं औषध, पण टेस्ट नाही. आणि धाप लागतेय, छातीत दुखतंय, ओठ निळे पडतायत तर सी, ॲडमिट करा आणि स्वॅब पाठवा. पेशंटवर उपचार करायच्या दृष्टीनं हा निर्णय बरोबरच होता, मी आजही तसंच म्हणेन. पण याचा एक परिणाम असा झाला की तिथून पुढं जो 'रुग्णसंख्या' म्हणून आकडा पेपरात यायचा तो मुख्यतः गंभीर पेशंटांचा होता, फ्लू झालेल्या सगळ्या लोकांचा नव्हता, आणि हा फरक बातमी देणारा, वाचणारा, इतकंच काय आमच्यातलेही बरेच जण विसरून गेले.

आता आयडीएसपीचे, म्हणजे केंद्र सरकारच्या साथरोग सर्वेक्षण कार्यक्रमाचे आकडे बघा. देशात २०१० मधे २०,६०४ केसेस आणि १,७६३ मृत्यू. २०११ मधे एकदम ६०३ केसेस. २०१२ आणि २०१३ मधे दरवर्षी पाच हजारांच्या आसपास. २०१४ मधे ९३७ केसेस, २१८ मृत्यू. आणि मग २०१५ मधे ४२,५९२ केसेस आणि २,९९० मृत्यू. ९३७ वरून बेचाळीस हजार! डिसेंबरपासूनच वाढ सुरू झाली होती, जानेवारी ते मार्च राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र सगळीकडे वॉर्ड भरले. असा आकडा समोर आला की माणूस म्हणणारच की विषाणू बदलला.

पण हेच आकडे जरा दुसऱ्या बाजूनं वाचा. महाराष्ट्रात २०१४ मधे ११५ केसेस, ४३ मृत्यू, म्हणजे शंभरात ३७. २०१५ मधे ८,५८३ केसेस, ९०५ मृत्यू, म्हणजे शंभरात साडेदहा. २०१६ मधे ८२ केसेस, २६ मृत्यू, परत शंभरात ३२. एकच विषाणू एका वर्षी तिघांतल्या एकाला मारतो, पुढच्या वर्षी दहांतल्या एकाला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी परत तिघांतल्या एकाला, असं होत नसतं. बदलत होती ती आपली टेस्ट करायची पद्धत. शांत वर्षात डॉक्टरच्या डोक्यात फ्लू नसतो, पेशंट व्हेंटिलेटरवर गेला, सगळं करून झालं, मग कुणीतरी म्हणतं अरे एकदा एच१एन१ (स्वाइन फ्लूची टेस्ट) पाठवून बघा, त्यामुळं जे पॉझिटिव्ह येतात ते आधीच अगदी शेवटच्या टोकाला असतात. गाजलेल्या वर्षात साध्या खोकल्याचा माणूसही प्रायव्हेट लॅबमधे जाऊन टेस्ट करून येतो, त्यामुळं छेद, म्हणजे ज्यानं भागायचं तो खालचा आकडा, मोठा होतो आणि मृत्यूचं प्रमाण कमी दिसतं. म्हणजे २०१५ मधे विषाणू 'जास्त मारक' झाला असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही आणि 'झाला नाही' असंही म्हणता येत नाही. ते सांगायची ताकदच त्या आकड्यात नाही.

मग दुसरा रस्ता, विषाणूचंच जनुकीय वाचन करायचं, म्हणजे सिक्वेन्सिंग. इथं मार्च २०१५ मधे मोठा वाद झाला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन शास्त्रज्ञांचा पेपर आला, राम शशिशेखरन आणि कन्नन थरकरामन. त्यांनी ए/इंडिया/६४२७/२०१४ या भारतातल्या विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनचा, म्हणजे विषाणू ज्या प्रोटीननं आपल्या पेशीला चिकटतो त्याचा, क्रम बघितला आणि सांगितलं की टी२००ए आणि डी२२५एन असे दोन बदल दिसतायत, डी२२५एन हा जास्त गंभीर आजाराशी जोडला गेलेला बदल आहे. इकडं बातम्या पेटल्या. आरोग्य मंत्रालयानं दावा फेटाळला, एनआयव्हीनं तपासलेले विषाणू २००९ च्या कॅलिफोर्निया स्ट्रेनसारखेच, म्हणजे त्या साथीच्या मूळ विषाणूसारखेच आहेत, चिंता वाढवणारा बदल नाही असं सांगितलं.

लोकांनी याची 'परदेशी शास्त्रज्ञ विरुद्ध आपले' अशी कुस्ती करून टाकली. मला मात्र त्या पेपरमधली एकच ओळ अजून टोचते. त्यांनी लिहिलं होतं की आधीच्या दोन वर्षांत भारतातून सार्वजनिक डेटाबेसमधे फ्लूचे फक्त दोन सिक्वेन्स आले होते. दोन! एवढा मोठा देश, इतक्या लॅब, आणि जगाला बघायला दोन. दोन सिक्वेन्सवरून देशभर काय फिरतंय हे सांगणं चूकच, पण ते दोनच होते ही त्या शास्त्रज्ञांची चूक नाही ना. आणि इकडून उत्तर देणाऱ्यांचं म्हणणं बरोबर असलं तरी ते कुणाला पडताळून बघता येत नव्हतं, कारण बघायला समोर काहीच नव्हतं. २०१४ शांत गेलं म्हणून त्या वर्षी स्वॅब कमी, स्वॅब कमी म्हणून विषाणू कमी, विषाणू कमी म्हणून सिक्वेन्स कमी, आणि २०१५ मधे 'बदललाय का' असं विचारलं तर कशापासून बदललाय ते सांगणारा कालचा विषाणूच फ्रीजरमधे पुरेसा नाही. शांत वर्षातला बर्फात ठेवलेला सॅम्पल किती मोलाचा असतो ते तेव्हा कळलं मला.

आता 'कॅलिफोर्नियासारखाच' म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण यात एक मेख आहे. लॅबमधे विषाणू एमडीसीके नावाच्या पेशींवर वाढवतात, मग एचआय टेस्ट करतात. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याला आधी जुना स्ट्रेन देऊन त्याच्या रक्तातलं सीरम, म्हणजे अँटिबॉडीज असलेला पातळ भाग, काढलेलं असतं, ते नवीन विषाणूत मिसळायचं आणि विषाणू टर्की किंवा गिनीपिगच्या लाल पेशी एकमेकांना चिकटवतो का ते बघायचं. सीरमनं अडवलं तर विषाणू जुन्यासारखाच. पण फेरेटनं आयुष्यात एकच फ्लू बघितलेला असतो, माणसानं डझनभर. २०१४ मधे अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की ६बी नावाच्या गटातल्या विषाणूंमधे के१६३क्यू असा एक बदल आहे, फेरेटच्या सीरमला तो फरक कळत नाही, पण साधारण १९६५ ते १९७९ दरम्यान जन्मलेल्या बऱ्याच माणसांच्या अँटिबॉडीज नेमक्या त्याच जागेवर रोखलेल्या असतात, कारण त्यांच्या लहानपणी १९७७ पासून जो जुना एच१एन१ फिरत होता त्यावर त्यांची प्रतिकारशक्ती घडलेली. म्हणजे टेस्ट म्हणते विषाणू तोच, आणि ४० वर्षांच्या माणसाचं शरीर म्हणतं मी याला ओळखत नाही.

भारतात २०१५ मधे फिरत होता तो ६बी गटातलाच. आमच्या वॉर्डात ३५ ते ५० वयाची, आधी काही आजार नसलेली, शेतात राबणारी, दुकान चालवणारी माणसं बरीच दिसायची हे मला नक्की आठवतं, पण एका वॉर्डातल्या आठवणीवरून काही सिद्ध होत नाही आणि मी तसं म्हणणारही नाही. त्या भावाला मात्र आज मी असं सांगेन की दादा, विषाणू २००९ वालाच होता, त्याच्या घराण्यातलाच, पण सहा वर्षांत थोडा थोडा सरकत गेला होता, तो संपला कधीच नव्हता, आपण मधली वर्षं बघायचं कमी केलं होतं.

मग बघायचं कसं? इथं लोकांना फारसं माहीत नसलेलं एक काम सांगते. आयसीएमआरनं २००४ पासून फ्लूसाठी वेगवेगळ्या शहरांत नेटवर्क उभं केलं होतं, एनआयव्ही पुणे मधे धरून. याची पद्धत गाजलेल्या साथीच्या पूर्ण उलटी आहे. ठरलेले दवाखाने, ठरलेली व्याख्या (ताप आणि खोकला, दहा दिवसांच्या आत सुरू झालेला, ॲडमिट असेल तर सारी म्हणजे श्वसनाचा गंभीर आजार, नाहीतर आयएलआय म्हणजे फ्लूसारखा आजार), आणि दर आठवड्याला ठरलेल्या पद्धतीनं स्वॅब, साथ असो नसो, पेपरात बातमी असो नसो. यात महत्त्वाचा आकडा केसेसचा नाही, टक्क्याचा असतो, शंभर स्वॅबमधले किती पॉझिटिव्ह. छेद हातात असतो म्हणून या वर्षीचा जुलै मागच्या वर्षीच्या जुलैशेजारी ठेवून बघता येतो. पुण्याजवळ वढूला तर केईएम हॉस्पिटलच्या रिसर्च सेंटरनं आसपासच्या गावांची घरोघर नोंद ठेवलेली आहे, तिथं २००९ पासून ॲडमिट होणाऱ्या पेशंटांचे स्वॅब घेतले गेले, म्हणजे एकूण इतक्या लोकसंख्येत इतके, असा खरा दर काढता येतो. देशात अशा जागा हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या.

या नेटवर्कच्या २००९ ते २०१३ च्या डेटातून एक फार कामाची गोष्ट निघाली. आपण पाश्चात्त्य पुस्तकं वाचून धरून चाललो होतो की फ्लू म्हणजे हिवाळा. तर श्रीनगरला तसंच आहे, जानेवारी ते मार्च. पण दिल्ली, लखनौ, नागपूर, कोलकाता, दिब्रुगड इथं मुख्य वाढ जुलै ते सप्टेंबर, पावसाळ्यात. चेन्नई-वेल्लोरकडं ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे तिकडचा पाऊस पडतो तेव्हा. पुण्यातही पावसाळाच मोठा, हिवाळ्यात कधी कधी दुसरा उंचवटा. २०१५ ची मोठी लाट आली भर फेब्रुवारीत, त्यामुळं विषाणू वेळापत्रक पाळतोच असं नाही, पण एका वर्षाच्या अपवादावरून ठरवायचं नसतं, आणि एका वर्षावरून नियमही बनवायचा नसतो, म्हणून तर अनेक सीझन लागतात.

याचा लशीशी थेट संबंध आहे. डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा लशीत कोणते स्ट्रेन घ्यायचे ते ठरवतं, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. भारत नकाशावर उत्तर गोलार्धात, म्हणून उत्तरेची लस, ती बाजारात येणार ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला, तोवर आपला पाऊस नि फ्लू दोन्ही निम्मे उरकलेले. आपल्याला खरं तर एप्रिल-मे मधे लस पाहिजे, आणि तेव्हा सगळ्यात ताजी असते ती दक्षिणेची. नेटवर्कच्या अभ्यासातही हेच सुचवलं होतं की श्रीनगर सोडून बहुतेक ठिकाणी एप्रिल-मे मधे लस द्या. हे आठवड्याला चार-चार, पाच-पाच स्वॅब घेणाऱ्या लोकांमुळं कळलं.

आणि २०१७ मधे ते उपयोगी पडलं. २०१६ ला देशात फक्त १,७८६ केसेस होत्या, परत सगळे निवांत. २०१७ ला मार्चपासूनच पुण्यात मृत्यू यायला लागले, वर्षअखेर देशात ३८,८११ केसेस आणि २,२७० मृत्यू, त्यातले ७७८ मृत्यू एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. पण यावेळी 'बदललाय का' या प्रश्नाला उत्तर होतं. एनआयव्हीनं सांगितलं की हो, कॅलिफोर्निया जाऊन आता मिशिगन स्ट्रेन फिरतोय, ६बी.१ गट. ६बी मधून पुढं निघालेला, ज्यात एस१६२एन या बदलामुळं प्रोटीनवर साखरेचा एक जास्तीचा पडदा येतो आणि जुन्या अँटिबॉडीला ती जागा नीट पकडता येत नाही. डब्ल्यूएचओनं सप्टेंबर २०१६ मधेच दक्षिणेच्या लशीत कॅलिफोर्नियाच्या जागी ए/मिशिगन/४५/२०१५ घेतला होता. म्हणजे २०१७ च्या पावसाळ्याआधी ज्याला दक्षिणेची लस मिळाली त्याला बरोबर स्ट्रेन मिळाला, आणि ज्याला मागच्या हंगामाची उत्तरेची मिळाली त्याला कॅलिफोर्निया वाला, जो तोवर मागं पडलेला. दोन्ही बॉक्सवर मोठ्या अक्षरात फ्लू लस असंच लिहिलेलं.

महाराष्ट्रानं २०१५ नंतर गरोदर बायका आणि डायबेटिस-बीपीच्या पेशंटना मोफत लस द्यायला सुरुवात केली होती, हे चांगलंच पाऊल होतं आणि याबद्दल कमी बोललं जातं. पण ॲडमिट पेशंटच्या फॉर्मवर लस घेतली होती का, कोणती, कधी, हा रकाना मी कितीतरी वेळा कोरा बघितलाय. 'लक्षणं सुरू झाल्याची तारीख' हाही. एका ठिकाणी काम करताना मी महिन्याभराचे फॉर्म काढून बसले होते तर बऱ्याच फॉर्मवर ॲडमिशनची तारीखच लक्षणाची तारीख म्हणून टाकलेली. यानं काय होतं सांगते. फ्लूचा विषाणू नाकात पहिले चार-पाच दिवस भरपूर असतो, मग कमी होत जातो. नवव्या दिवशी घेतलेला स्वॅब निगेटिव्ह आला तर त्याचा अर्थ फ्लू नव्हता असा होत नाही, पण तारीख चुकीची असेल तर कागदावर तो दुसऱ्या दिवशीचा पक्का निगेटिव्ह दिसतो आणि टक्केवारी खाली येते. आणि व्हीटीएम उन्हात रिक्षातून गरम होऊन आला तरी तेच. म्हणून पीसीआरमधे माणसाच्या पेशीचं आरनेज-पी जनुकही शोधतात, ते पण नाही सापडलं तर समजायचं की स्वॅबच नीट घेतलेला नाही, रिपोर्ट निगेटिव्ह द्यायचा नाही, परत सॅम्पल मागवायचा. मागवायला फोन केला की वॉर्डातले वैतागतात, मीही वॉर्डात असताना वैतागलेय, तरी मागवायचाच.

कोविडनंतर चित्र बरंच बदललं. आयसीएमआरच्या व्हीआरडीएल (विषाणू तपासणाऱ्या) लॅब बऱ्याच ठिकाणी झाल्या, आरटी-पीसीआर हा शब्द पानाच्या टपरीवर लोक बोलायला लागले, आणि २०२१ पासून एकाच स्वॅबमधून कोविड आणि फ्लू दोन्ही बघायची पद्धत सुरू झाली. २०२३ च्या मार्चमधे सगळीकडे खोकला होता, तीन-तीन आठवडे जात नव्हता, व्हॉट्सॲपवर नवीन कोविड म्हणून मेसेज फिरत होते. तेव्हा आयसीएमआरनं सांगितलं की १५ डिसेंबरपासूनच्या सारी आणि आयएलआय पेशंटांत साधारण निम्म्यांमधे इन्फ्लुएन्झा ए एच३एन२, म्हणजे फ्लूचाच दुसरा प्रकार आहे, ॲडमिट झालेल्यांतल्या ९२ टक्क्यांना ताप, ८६ टक्क्यांना खोकला, २७ टक्क्यांना धाप, सुमारे १० टक्क्यांना ऑक्सिजन लागला आणि ७ टक्क्यांना आयसीयू. बघा, २०१५ ला आपण विचारत होतो की मेले किती, आणि २०२३ ला शंभरातले किती हे सरळ सांगता आलं, कारण डिसेंबरमधे कुणी घाबरलेलं नसताना स्वॅब घेणं चालू होतं.

सिक्वेन्सही आता खूप जास्त जातात, ती दोनची नामुष्की राहिली नाही. तरी मला काळजी वाटते ती २०१४ किंवा २०१६ सारख्या वर्षाची. अशा वर्षात बजेटमधे विचारतात की या किटची एवढी गरज आहे का, पॉझिटिव्ह तर येतच नाहीयेत, टेक्निशियन दुसरीकडे पाठवू का. गेल्या पावसाळ्यात मला एका मीटिंगमधे हेच विचारलं गेलं. मी वरचे महाराष्ट्राचे तीन आकडे एका कागदावर लिहून पुढं सरकवले, ११५ पैकी ४३, ८,५८३ पैकी ९०५, ८२ पैकी २६, आणि म्हटलं यातला विषाणू शोधून दाखवा. किट मंजूर झाले, टेक्निशियन अर्धा वेळ राहिला.

माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत, डायबेटिस आहे, यवतमाळला राहतात. दरवर्षी एप्रिल संपता संपता मी केमिस्टला फोन करते, बॉक्स हातात घ्यायला लावते आणि सदर्न हेमिस्फिअर लिहिलंय का आणि कोणत्या वर्षाचं ते वाचून दाखवायला सांगते. पहिल्या वर्षी तो म्हणाला मॅडम फ्लूची लस सगळी सारखीच असते. आता मी फोन केला की आधी बॉक्स काढतो, मग हॅलो म्हणतो.